पाच डॉलर

पी.एल. लागली की अभ्यास सोडून बाकी सगळं सुचतं. मागच्या सेमला आमच्या विंगमध्ये 'व्यापार'ची साथ आली होती. तोच तो लहानपणीचा व्यापार. पुठ्ठ्याचा पट, दोन फासे, मळलेल्या कागदी नोटा आणि मुंबई कोणी घ्यायची यावरून भांडण. एका रात्री दोनच्या सुमारास मला एक गोष्ट जाणवली (हरणाऱ्यालाच अशा गोष्टी जाणवतात!). पटाला एक फेरी मारली की बँकेकडून पैसे मिळतात. पहिल्या फेरीला जेवढे, तेवढेच विसाव्या फेरीला. भाडं मात्र वाढतच जातं. आधी नुसता प्लॉट, मग घर, मग हॉटेल. आपली काही चूक झालेली नसते. आपण फासे टाकतो, चालतो, पैसे घेतो आणि पुढच्याच घरावर ते देऊन टाकतो. शेवटी एक जण श्रीमंत आणि बाकीचे मॅगी करायला मेसच्या मागे.

हा खेळ ज्या अमेरिकन मोनोपॉलीवरून आला, तिच्याही मागे आणखी एक खेळ होता, हे मला नंतर कळलं. एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईंनी 1904 साली 'लँडलॉर्ड्स गेम' या नावाने त्याचं पेटंट घेतलं होतं. मला जे हरताना जाणवलं तेच लोकांना दाखवायला त्यांनी तो मुद्दाम बनवला होता. बाई ज्या माणसाच्या विचारांनी भारल्या होत्या त्याचं नाव हेन्री जॉर्ज. आमच्या इकॉनॉमिक्सच्या पेपरात हे नाव कुठे आल्याचं मला तरी आठवत नाही. म्हणून लायब्ररीत बसून जे वाचलं ते इथे लिहितोय. मी सिव्हिलचा, अर्थशास्त्राचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हेन्रीचा जन्म 2 सप्टेंबर 1839 चा, फिलाडेल्फियाचा. दहा भावंडांत दुसरा. वडील धार्मिक पुस्तकं छापायचे, ते चाललं नाही तेव्हा कस्टम्समध्ये कारकून झाले. चौदा पूर्ण व्हायच्या आत पोराची शाळा सुटली. 1855 साली, पंधराव्या वर्षी, तो एका शिडाच्या जहाजावर पोऱ्या म्हणून चढला. जहाजाचं नाव 'हिंदू', आणि ते निघालं होतं मेलबर्नमार्गे आपल्या कलकत्त्याला! हिंदुस्थान म्हणजे सोनं, हिरे, राजेमहाराजे अशी त्याची कल्पना. हुगळीत शिरल्यावर त्याने नदीतून वाहत जाणारी प्रेतं पाहिली. हे चित्र त्याच्या डोक्यातून गेलं नसावं, कारण वीस-बावीस वर्षांनी पुस्तक लिहिताना तो हिंदुस्थानच्या दारिद्र्याकडे पुन्हा वळला. त्याबद्दल पुढे येईलच.

परत येऊन तो छापखान्यात खिळे जुळवायला शिकला. ही विद्या त्याला जन्मभर पुरली. स्पेलिंग सुधारलं, वाचन वाढलं आणि कुठल्याही गावात रोजगार मिळायची सोय झाली, निदान त्याला तसं वाटलं. फिलाडेल्फियात मंदी होती. म्हणून 1857 च्या अखेरीस सरकारी दीपगृह खात्याच्या एका आगबोटीवर काम पत्करून तो दक्षिण अमेरिकेला वळसा घालत 1858 च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोला पोचला. तेव्हा रेल्वे नव्हती.

कॅलिफोर्नियात त्या वेळी मजुरी पूर्वेपेक्षा चांगलीच जास्त होती. का? मातीत सोनं होतं आणि ती माती कुणाच्या बापाची नव्हती. सुतार असो, आचारी असो, मालकाने पैसे कमी दिले तर फावडं-घमेलं उचलून डोंगरात जायची वाट मोकळी होती. मालकालाही हे माहीत होतं. त्याच वर्षी वर उत्तरेला फ्रेझर नदीवर सोनं सापडल्याची आवई उठली आणि हेन्री तिकडे निघाला. बोटीवर खाणकामगारांच्या गप्पा चालल्या होत्या. विषय होता उरलीसुरली माती धुऊन पोट भरणाऱ्या चिनी लोकांचा. त्यावर एक जुना जाणता बोलून गेला की आज त्यांचा त्रास नाही, पण देश जसा भरत जाईल तशी मजुरी खाली येईल आणि एक दिवस गोरे लोकसुद्धा त्याच टाकाऊ खाणींसाठी धडपडतील. पोरगं एकोणीस वर्षांचंही नव्हतं. देश वाढला की मजुरी का पडावी? उलट व्हायला पाहिजे! हा किडा त्या दिवशी त्याच्या डोक्यात शिरला. त्याच वाक्यातला दुसरा किडाही शिरला, चिनी लोकांबद्दलचा, आणि तो कधीच बाहेर पडला नाही.

सोनं काही मिळालं नाही. पुन्हा सॅन फ्रान्सिस्को, पुन्हा खिळे. 1861 च्या डिसेंबरात त्याने ॲनी फॉक्स या सिडनीकडच्या अठरा वर्षांच्या पोरक्या मुलीशी पळून जाऊन लग्न केलं. अंगावरचा सूट उसना होता. घरून आणण्यासारखी मालमत्ता म्हणजे पुस्तकांचं गाठोडं. पुढची तीन-चार वर्षं नुसती ओढाताण. नोकरी लागे, सुटे. भागीत काढलेल्या छोट्या छापखान्याला कामं मिळेनात.

आता जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. 1865 चा जानेवारी. ॲनी दुसऱ्यांदा बाळंत झाली, मुलगा झाला. डॉक्टरांनी बजावलं, बाळाला आंघोळ घालत बसू नका, ते उपाशी आहे, आधी त्याच्या पोटात काही घाला. घरात काहीच नव्हतं. हेन्री रस्त्यावर आला आणि ज्याच्याकडे पैसे असावेत असं वाटलं अशा पहिल्याच अनोळखी माणसाला त्याने थांबवून पाच डॉलर मागितले. त्या माणसाने कशाला हवेत म्हणून विचारलं. याने बायको बाळंत झालीय, खायला काही नाही, असं खरं ते सांगितलं. माणसाने पैसे दिले. दिले नसते तर त्या मनःस्थितीत आपण त्याचा जीवसुद्धा घेतला असता, अशी कबुली हेन्रीने पुढे स्वतःच दिली आहे.

तो माणूस कोण होता, कुणालाच माहीत नाही.

हा पंचवीस वर्षांचा तरुण आळशी नव्हता, दारुडा नव्हता, अडाणी नव्हता. हातात कसब होतं आणि देश वेगाने श्रीमंत होत होता. गरिबीची जी कारणं आपण मेसच्या टेबलावर बसून झटकन सांगतो (मीही सांगायचो), त्यातलं एकही इथे बसत नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिंकनची हत्या झाली. हेन्री ज्या वर्तमानपत्रात खिळे जुळवत होता त्याच्याच संपादकाच्या पेटीत त्याने एक लेख निनावी टाकला. लेख छापून आला. असा कंपोझिटरचा पत्रकार झाला. 1868 साली त्याने रेल्वेमुळे काय होणार यावर एक लेख लिहिला. पूर्व-पश्चिम रेल्वे जोडण्याचं काम संपत आलं होतं, सगळं कॅलिफोर्निया फटाके घेऊन तयार होतं. हा एकटाच लिहीत होता की रेल्वे आल्यावर ज्यांच्याकडे जमीन आहे ते आणखी श्रीमंत होतील आणि ज्यांच्याकडे फक्त हात आहेत त्यांची अवस्था बिकट होईल.

रेल्वेचं गणित आपल्या ब्रँचच्या लोकांनी जरूर बघावं. 1864 च्या कायद्याने कंपनीला बांधलेल्या प्रत्येक मैलामागे वीस चौरस मैल, म्हणजे 12,800 एकर सरकारी जमीन मिळत होती. रूळ टाकणारे, सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमध्ये काळ्या दारूने बोगदे फोडणारे बहुतेक सगळे चिनी मजूर होते, हजारोंच्या संख्येने. 1867 च्या जूनमध्ये त्यांनी संप केला तेव्हा कंपनीने त्यांचं अन्नच तोडलं. संप आठवडाभरात संपला. रूळ 10 मे 1869 ला जुळले आणि दुतर्फाच्या जमिनीचे भाव चढले. भाव चढवले मजुरांनी, मिळाले दुसऱ्यालाच. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला आम्ही रस्त्याची आखणी करतो तेव्हा कट किती, फिल किती, खर्च किती, सगळं काढतो. रस्ता झाल्यावर शेजारच्या प्लॉटची किंमत किती वाढेल आणि ती कुणाच्या खिशात जाईल, हा कॉलम आमच्या फील्ड बुकात नाही.

1868-69 च्या हिवाळ्यात एका वर्तमानपत्राला तारेने बातम्या मिळवून द्यायला हेन्री न्यूयॉर्कला गेला. बातम्यांची आणि तारेची मक्तेदारी होती, काम फसलं. पण त्याने न्यूयॉर्क पाहिलं. इतके मोठे वाडे त्याने पश्चिमेला पाहिले नव्हते, आणि इतकी घाणेरडी दारिद्र्याची वस्तीही. जिथे प्रगती सगळ्यात जास्त तिथेच कष्टकऱ्यांचे हाल सगळ्यात जास्त, हे कसं? कारण शोधल्याशिवाय राहायचं नाही, असं त्याने तिथेच ठरवलं.

कारण सापडलं ते ऑकलंडच्या बाहेर, घोड्यावर फिरताना. वाटेत एक गाडीवान भेटला. सहज बोलायचं म्हणून हेन्रीने जमिनीचा भाव विचारला. गाडीवानाने लांब बोट दाखवलं, तिथे गाई चरत होत्या, इतक्या दूर की उंदराएवढ्या दिसत होत्या. तिथला एक जण एकरी हजार डॉलरने थोडी जमीन विकेल म्हणाला. त्या जमिनीवर घर नाही, पीक नाही, नुसत्या गाई! पण रेल्वेचं शेवटचं स्टेशन ऑकलंडला आलं होतं आणि लोक येणार होते. येणाऱ्या प्रत्येक माणसाला काम करायला आणि पाठ टेकायला जागा लागणार होती, आणि त्या परवानगीची किंमत आजच वसूल होत होती.

त्याचा युक्तिवाद मी माझ्या भाषेत सांगतो. मजुराला कमीत कमी किती द्यावं लागेल हे मालकाच्या दयेवर ठरत नाही. मजूर स्वतःच्या हिमतीवर, फुकट मिळणाऱ्या जमिनीवर किती कमवू शकेल यावर ते ठरतं. चांगली फुकट जमीन आहे तोवर मजुरी वर. ती संपली, लोकांनी भाव वाढेल म्हणून अडवून ठेवली, की मजुराला आणखी खडकाळ, आणखी लांबच्या जागेकडे ढकललं जातं आणि मजुरीचा तळ तेवढा खाली सरकतो. यंत्र आलं, रेल्वे आली, उत्पादन दुप्पट झालं, तरी वरची वाढ मोक्याच्या जमिनीचं भाडं म्हणून निघून जाते. त्या काळचे विद्वान दोन कारणं सांगायचे. एक, मालकांकडे मजुरीसाठी ठरावीक रक्कम असते, ती जास्त लोकांत वाटली की वाटा कमी. दोन, माल्थसचं, लोक फार झाले. हेन्रीने दोन्ही खोडून काढली. मजूर आधी माल तयार करतो, मग त्यातून मजुरी निघते, असं त्याचं म्हणणं. आणि माल्थससाठी त्याने उदाहरण घेतलं हिंदुस्थानचं आणि आयर्लंडचं. दुष्काळ लोकसंख्येमुळे नाही, पिकलेलं काढून नेणाऱ्यांमुळे पडतात. तो हे लिहीत होता तेव्हा आपल्या दख्खनेत 1876-78 चा दुष्काळ चालू होता.

मधल्या काळात त्याने सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःचं दैनिक काढलं, ते 1875 मध्ये हातातून गेलं. मग 1876 साली गव्हर्नरने त्याला राज्याचा गॅस मीटर तपासनीस नेमलं. हे वाचून मला फार आनंद झाला! इतिहासातल्या अत्यंत गाजलेल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांपैकी एक मीटर कॅलिब्रेशनच्या नोकरीवर लिहिलं गेलं. 1873 पासून मंदी होती. 1877 च्या जुलैमध्ये मजुरीकपातीविरुद्ध देशभर रेल्वेचा संप झाला, गोळीबार झाला. सप्टेंबरमध्ये त्याने लिहायला बसून 1879 च्या मार्चमध्ये संपवलं. मध्यरात्री शेवटचं पान झालं तेव्हा तो गुडघ्यावर बसून लहान मुलासारखा रडला. प्रकाशक मिळेना. शेवटी एका मित्राच्या छापखान्यात त्याने सुरुवातीचे खिळे स्वतः जुळवले आणि 500 प्रतींची आवृत्ती काढली. 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' पुढे लाखांनी खपलं, अनेक भाषांत गेलं. टॉल्स्टॉय त्याचा भक्त झाला.

उपाय सुटसुटीत होता. माणसाच्या कष्टावर, घरावर, यंत्रावर कर लावू नका. नुसत्या जमिनीच्या किमतीवर लावा, भाड्याएवढा. जमीन अडवून ठेवणं परवडणारच नाही.

1880 मध्ये तो न्यूयॉर्कला राहायला गेला. 1886 साली कामगार संघटनांनी त्याला महापौरपदाला उभं राहायला सांगितलं. तीस हजार कामगारांच्या सह्या आणा, असं त्याने उत्तर दिलं. त्याहून जास्त आल्या! निकाल असा: डेमोक्रॅट ह्युइट 90,552, हेन्री जॉर्ज 68,110, आणि तिसरा 60,435 मतांचा रिपब्लिकन उमेदवार म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट. मतपत्रिका तेव्हा पक्षच छापून वाटायचे, त्यामुळे मोजणीत गडबड झाल्याचं त्याचे लोक कायम म्हणत राहिले. पुढच्याच वर्षी समाजवाद्यांशी त्याचं फाटलं. कारखान्याचा मालक, भांडवल, यांच्याशी त्याचं भांडण नव्हतं, सगळा राग जमीनमालकावर. मला हे अपुरं वाटतं. शर्टाच्या कारखान्यात चौदा तास राबणाऱ्या बाईला जमीन फुकट मिळाली तरी ती उद्या तिथे जाऊन काय करणार होती? अमेरिकेत किमान वेतनाचा देशव्यापी कायदा 1938 साली आला, ताशी 25 सेंट, तोसुद्धा शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायांना बाहेर ठेवून. तो जमिनीच्या करातून नाही, संघटना आणि कायद्याच्या वाटेने आला.

आणि चिनी लोकांचं. 1869 साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकात त्याने लिहिलं की चिनी मजूर मजुरी पाडतात, त्यांना येऊ देऊ नये. 1882 मध्ये त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा झाला, हा त्याच्या बाजूनेच होता. ज्याने पुढे दहा वर्षं घालवून सिद्ध केलं की लोक वाढल्याने मजुरी पडत नाही, त्यानेच आपल्यापेक्षा गरीब मजुराकडे बोट दाखवावं? मी हे दोन-तीनदा वाचलं, काही मेळ लागेना. त्याच्या मोठेपणाबद्दल लिहिणारे बरेच जण हा भाग गाळतात. मला गाळावासा वाटला नाही.

1890 च्या अखेरीस त्याला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. 1897 मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी पुन्हा उभं राहायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी साफ सांगितलं, जिवावर बेतेल. ॲनीने अडवलं नाही. 28 ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्याने एकामागून एक सभा केल्या, रात्री हॉटेलवर परतला आणि पहाटे गेला. मतदान चार दिवसांवर होतं. वय 58. दर्शनाला सुमारे एक लाख लोक आले म्हणतात.

ऑकलंडच्या त्या गाईंच्या जागेवर आज काय असेल? आमचा एक सिनियर सॅन होजेला असतो. तो पगार सांगतो तेव्हा आम्ही गप्प होतो, आणि भाडं सांगतो तेव्हा तो गप्प होतो. त्याचं भागतं. त्याच्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्यांचं कसं भागत असेल? अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन 2009 मध्ये ताशी 7.25 डॉलर झालं, त्यानंतर पंधरा वर्षांत एक सेंटही वाढलं नाही. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये आपल्यापुरतं 16 डॉलर केलं. पण त्याच कॅलिफोर्नियाने, हेन्रीच्या राज्याने, 1978 मध्ये मतदान घेऊन मालमत्ता कराची मोजणी वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये असं ठरवलं आहे. जमिनीचा भाव कितीही वाढो, मालक तोच असेपर्यंत कर हळूहळूच चढणार. म्हणजे हेन्रीने सांगितलं त्याच्या बरोबर उलट.

मॅगीबाईंचं काय झालं तेही सांगतो. 1935 मध्ये पार्कर ब्रदर्सने मोनोपॉली बाजारात आणली आणि बाईंचं पेटंट 500 डॉलरला विकत घेतलं. त्यांच्या खेळात दुसरेही नियम होते, भाडं मालकाला न देता सार्वजनिक तिजोरीत टाकायचं. ते पान आपल्या व्यापारात कुठे नाही. शेवटच्या पेपरच्या आदल्या रात्री आम्ही त्या नियमांनी खेळून बघितलं. कुणीच बुडेना. साडेतीनला माझा रूम पार्टनर, जो आदल्या आठवड्यात सलग चार डाव जिंकला होता, यात मजा नाही म्हणून झोपायला निघून गेला. आम्ही तिघं उजाडेपर्यंत खेळत होतो.